लोखंडाच्या डावीकडचे, उजवीकडचे

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की शहर मागे पडायच्या आत भनपुरी येते. मालाने लादलेले ट्रक, वजनकाटे, पत्र्याच्या उंच शेड आणि शेडच्या अंधारात सापासारखी सळसळत जाणारी लालभडक लोखंडी कांब. पुढे बिरगाव, उरला, सिलतरा असा हा रोलिंग मिलचा आणि भट्ट्यांचा पट्टा पसरत जातो. रायपुरात सळईला सळई म्हणत नाहीत, सरिया म्हणतात, आणि सरियाच्या जाहिरातींनी भिंतीच्या भिंती रंगलेल्या असतात. जाहिरातीतला नट बदलतो, हत्तीच्या जागी सिंह येतो. दोन अक्षरं मात्र हटत नाहीत. एफ आणि ई. एफई ५००, एफई ५५०, एफई ५००डी.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तक्त्यावर धूळ बसलेली असते. त्या तक्त्यातली एक चौकट इथे ऑइलपेंटने, पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेली आहे. एफई हे लोखंडाचं रासायनिक चिन्ह. लॅटिनमधल्या ‘फेरम’वरून आलेलं. पुढचा ५०० हा आकडा ताकदीचा. सळईच्या दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटनची ओढ दिली तरी ती कायमची ताणली जाऊ नये, अशी ती हमी. हिशेब केला तर १२ मिलिमीटर जाडीची एक सळई साडेपाच टनांहून जास्त ओढ सोसते. ‘डी’ म्हणजे जास्त ताणता येणारी, भूकंपात तुटण्याआधी वाकणारी.

भिंतीवर लिहायचं राहून गेलेली गोष्ट अशी, की सळईत एकटं लोखंड नसतं. भारतीय मानक १७८६ प्रमाणे एफई ५०० सळईत कार्बन जास्तीत जास्त ०.३० टक्के चालतो, म्हणजे टनाला तीन किलो. गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०५५ टक्क्यांपर्यंत. ‘डी’ प्रतीला नियम आणखी कडक: कार्बन ०.२५, गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४०. टनात चारशे ग्रॅम फॉस्फरस, त्याच्या वर नाही. शिवाय मँगनीज असतं, सिलिकॉन असतं, आणि कुणी न बोलावता आलेलं तांबंही असतं. यांतलं कोण आत राहतं, कोण बाहेर जातं आणि कुठल्या दाराने जातं, हे भट्टीवाला एका मर्यादेपलीकडे ठरवू शकत नाही. ते बरंचसं आवर्तसारणीतल्या जागेवरून ठरलेलं असतं.

सुरुवात भंगारापासून. इथल्या बहुतेक भट्ट्या विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या. त्यात स्पंज आयर्न आणि भंगार वितळवतात. भंगाराच्या ढिगात काय नसतं? सायकलीच्या फ्रेम, जस्ती पत्रे, मोटारीचे अवशेष, पंखे, तेलाचे डबे, जुन्या स्लॅबमधून काढलेल्या सळया. कबाडी त्यातून पहिली निवड करतो ती चुंबकाने. चिकटलं ते लोखंड. हा साधा वाटणारा प्रयोग मुळात आवर्तसारणीचाच आहे. लोखंडाचा अणुअंक २६, कोबाल्टचा २७, निकेलचा २८. सारणीत खांद्याला खांदा लावून बसलेली ही तीन मूलद्रव्यं चुंबकाकडे जोराने ओढली जातात. चौथं एक गॅडोलिनियम आहे, पण त्याची चुंबकीयता साधारण २० अंश सेल्सिअसलाच मावळते. रायपूरच्या मे महिन्यात त्याचा काही उपयोग नाही.

आणि तरी स्वयंपाकघरातल्या चांगल्या स्टीलच्या डब्याला चुंबक बहुधा चिकटत नाही. त्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल आणि बाकी बहुतांश लोखंड असतं. दोन चुंबकीय धातू एकत्र आले आणि चुंबकीयता गेली! निकेलमुळे लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते, आणि त्या मांडणीत ती टिकत नाही. कबाड्याला हे कारण ठाऊक असण्याची गरज नसते. चिकटत नाही, गंजत नाही आणि जड आहे, म्हणजे ‘एसएस’, आणि भाव वेगळा.

चुंबकाला चिकटलेला माल भट्टीत जातो. १६०० अंशांच्या आसपास सगळं वितळून एक झालं की वाटतं, आता सगळ्याची खिचडी झाली. तशी ती होत नाही. भट्टीत अणू मरत नाहीत, एका मूलद्रव्याचं दुसरं होत नाही. तांबं तांबंच राहतं, जस्त जस्तच. बदलते ती फक्त जागा: कुणी धुरात जातं, कुणी वर तरंगणाऱ्या धातुमळीत, कुणी भट्टीच्या तळाशी, आणि उरलेले पोलादात. रसायनशास्त्राचा पहिला धडा शिकवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, फक्त थोडी गरम आहे.

आता तक्ता समोर घ्यायला हवा. दिमित्री मेंडेलीफ या रशियन रसायनशास्त्रज्ञाने १८६९ मध्ये त्या वेळी माहीत असलेली ६३ मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने मांडली, आणि गुणधर्म पुन्हापुन्हा येतात असं दिसल्यावर सारखे वाटणारे एका स्तंभात आणले. जिथे जुळेना तिथे त्याने रिकामी घरं सोडली आणि त्या घरांत येणाऱ्यांची पत्रिका आधीच लिहून टाकली. न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावं देताना त्याने संस्कृत अंक घेतले: ॲल्युमिनियमच्या खालचं ‘एका-ॲल्युमिनियम’, सिलिकॉनच्या खालचं ‘एका-सिलिकॉन’. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द ब्वाबोद्रां याला गॅलियम, म्हणजे तेच ‘एका-ॲल्युमिनियम’, सापडलं. त्याने घनता मोजली, ४.७ आली. मेंडेलीफने कळवलं, की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, धातू पुन्हा शुद्ध करून पाहा. पुन्हा मोजल्यावर ५.९ आली. ज्याने धातू हातात धरला होता तो चुकला होता आणि ज्याने तो पाहिलाच नव्हता तो बरोबर ठरला!

हाच मेंडेलीफ १८९९ मध्ये, वयाच्या पासष्टीत, उरल पर्वतातल्या लोखंडाच्या कारखान्यांची पाहणी करायला गेला होता. भट्टीची धग त्याला परकी नव्हती.

भनपुरीसाठी या सारणीतली एकच ओळ पुरते. चौथी. पोटॅशियमपासून सुरू होणारी ही १८ जणांची आडवी रांग: पोटॅशियम, कॅल्शियम, स्कँडियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त आणि पुढे. लोखंड मधोमध. भट्टीत महत्त्वाचा प्रश्न असतो तो ऑक्सिजनशी कुणाची किती सलगी आहे हा. याला आकडा देता येतो: १६ ग्रॅम ऑक्सिजन बांधून घेताना किती ऊर्जा बाहेर पडते? कॅल्शियम ६३५ किलोज्यूल देतं, टायटॅनियम सुमारे ४७२, मँगनीज ३८५, लोखंड २७२, निकेल २४०, तांबं जेमतेम १६०-१७०. डावीकडून उजवीकडे जावं तशी ही सलगी पातळ होत जाते.

कारण अणूच्या पोटात आहे. डावीकडून उजवीकडे जाताना दर घराला केंद्रात एक प्रोटॉन वाढतो, केंद्राची पकड घट्ट होते आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन सोडून द्यायला धातू कुरकुर करू लागतो. कॅल्शियम हात सैल सोडून इलेक्ट्रॉन देतं, तांबं कंजूष. ऑक्सिजनला तर दोन इलेक्ट्रॉन हवेच असतात. तो देणाऱ्याच्या मागे लागतो.

मग भट्टीचा नियम सरळ आहे. ऑक्सिजन आला की लोखंडाच्या डावीकडचे त्याला पहिल्यांदा धरतात, ऑक्साइड होऊन मळीत जातात. उजवीकडचे हात बांधून उभे राहतात. त्यांना लोखंडच वाचवतं. तिसऱ्या ओळीतलं ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन ऑक्सिजनचे आणखी लोभी, म्हणून तेही मळीत.

ही उतरंड माणसाने फार उशिरा कागदावर मांडली, पण तिच्यावरून तो हजारो वर्षं चालत आला होता. ज्या धातूची ऑक्सिजनशी सलगी कमी, तो आधी हाती लागला. नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये तांब्याच्या जड मूर्ती सापडल्या: रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. ते ताम्रपाषाणयुग. लोखंड त्यानंतर आलं. नागपूरजवळच्या नाइकुंडला उत्खननात लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी मिळाली. ॲल्युमिनियम पृथ्वीच्या कवचात लोखंडापेक्षा जास्त आहे, पण ते ऑक्सिजनला असं घट्ट धरून बसलेलं, की कोळशाने सुटेना. त्यासाठी वीज लागली आणि कारखान्यात परवडणारी पद्धत निघायला १८८६ साल उजाडलं. रायपूरच्या ईशान्येला कोरब्यात ॲल्युमिनियमचा कारखाना १९७० च्या दशकात उभा राहिला तो कोळशाच्या खाणी आणि वीजघरांच्या कुशीतच, हे उगीच नाही. दायमाबाद, नाइकुंड, कोरबा: १६०, २७२, ५५९. इतिहासाचा क्रम आणि किलोज्यूलचा क्रम एकच.

स्पंज आयर्न म्हणजे याच लढाईतला मधला मुक्काम. बस्तरच्या बैलाडिल्यातून किंवा दल्ली-राजहऱ्यातून येणारं खनिज मुख्यतः हेमॅटाइट. शुद्ध हेमॅटाइटच्या एका टनात साधारण ७०० किलो लोखंड आणि ३०० किलो ऑक्सिजन असतो. म्हणजे खनिजाच्या दर दहा ट्रकांतले तीन ट्रक ऑक्सिजन वाहून आणत असतात. सिलतऱ्याच्या फिरत्या, लांबलचक भट्ट्यांत कोळशाबरोबर हे खनिज हजार अंशांच्या आसपास तापवतात. लोखंड वितळत नाही, ते वितळायला १५३८ अंश लागतात. कोळशातून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू ऑक्सिजनला काढून नेतो आणि ऑक्सिजन जिथून गेला तिथे बारीक पोकळ्या राहतात. म्हणून स्पंज.

नवं तंत्र म्हणून हे मिरवलं जात असलं तरी मैकल डोंगरातल्या अगरिया लोकांनी ते पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे: मातीची कंबरभर भट्टी, लोणारी कोळसा, पायाने दाबायचे भाते, आणि शेवटी न वितळलेला सच्छिद्र लोखंडाचा गोळा. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. रसायन तेच, फक्त भट्टी आडवी झाली आणि फिरू लागली.

मँगनीजची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी, कारण ती नागपूर-भंडाऱ्याच्या मराठी मुलखाला थेट भिडते.

मँगनीज लोखंडाच्या लगेच डावीकडे, अणुअंक २५. नागपूर जिल्ह्यातलं मनसर, कांद्री, गुमगाव, भंडाऱ्यातलं चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, पलीकडे बालाघाटातलं भरवेली, उकवा, तिरोडी, हा सगळा भारताचा मँगनीज पट्टा. १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाने सुरू झालेला कारभार पुढे १९६२ मध्ये मँगनीज ओर इंडिया, म्हणजे आजच्या मॉइलकडे आला. तिचं मुख्यालय नागपुरात. लुईस ली फर्मर हा भूशास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पट्टा पायी तुडवत होता. त्याला इथे अशी खनिजं मिळाली की जगाच्या यादीत त्यांना नावंच नव्हती. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांच्या एका खडकाला त्याने इथल्या गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं, आणि ते जगभरच्या भूशास्त्रात बसलं. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून ‘सीतापाराइट’ असंही एक नाव त्याने दिलं होतं, पण ते टिकलं नाही.

रायपूरच्या फेरोअलॉय कारखान्यांत या धातुकाचं सिलिको-मँगनीज होतं. बाजारात त्याचा भाव ‘साठ-चौदा’ म्हणून बोलला जातो: साठ टक्के मँगनीज, चौदा टक्के सिलिकॉन. आवर्तसारणीतली दोन घरं आणि दोन आकडे, झाला सौदा.

भट्टीत ते घालायचं कशाला? गंधकासाठी. गंधक स्पंजमधून कोळशाबरोबर येतं आणि लोखंडाशी जुळून आयर्न सल्फाइड होतं. लोखंडाबरोबर हे मिश्रण १००० अंशांच्याही खाली वितळतं. म्हणजे बाकी कांब घट्ट झाली तरी तिच्या कणाकणांमधल्या सांध्यात पातळ पदार्थ शिल्लक. अशी कांब रोलिंग मिलच्या रुळांत गेली की तडकते. मँगनीज गंधकाला लोखंडाच्या हातून हिसकावून घेतं. त्याचं सल्फाइड १६०० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून रोलिंगच्या वेळी घट्टच राहतं. शिवाय जाता जाता मँगनीज आणि सिलिकॉन पोलादात विरघळलेला ऑक्सिजनही उचलतात. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरने स्वस्त पोलादाची पद्धत जाहीर केली तेव्हा ते पोलाद हातोड्याखाली फुटत होतं. रॉबर्ट मशेटने त्यात मँगनीज असलेलं बिड घालून ते सावरलं. नाव बेसेमरचं झालं.

मँगनीजच्या खालचं घर मेंडेलीफने ‘एका-मँगनीज’ म्हणून रिकामं ठेवलं होतं. ते भरायला १९३७ उजाडलं: इटलीतल्या पालेर्मोत पेरिए आणि सेग्रे यांना कॅलिफोर्नियातून आलेल्या, सायक्लोट्रॉनमध्ये भडिमार सोसलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात ते सापडलं. टेक्नेशियम, अणुअंक ४३, माणसाने घडवलेलं पहिलं मूलद्रव्य. त्याचा एक प्रकार सहा तासांत निम्मा होतो, आणि हाडांच्या स्कॅनसाठी इस्पितळात रोज वापरला जातो. चिखल्याच्या खाणीतल्या काळ्या दगडाचा हा सारणीतला खालच्या मजल्यावरचा शेजारी!

आता जस्त. जस्ती पत्रा भट्टीत पडला की वर पांढरट धूर उसळतो. जस्ताची ऑक्सिजनशी सलगी लोखंडापेक्षा जास्त आहे, ३५०. सारणीत ते लोखंडाच्या उजवीकडे असूनही. उतरंडीतला हा अपवाद लपवण्यात अर्थ नाही: त्याचा आतला इलेक्ट्रॉनांचा कप्पा पूर्ण भरलेला असतो, बाहेरचे दोन तुलनेने सहज सुटतात. पण भट्टीत या सलगीला फारसा वेळच मिळत नाही, कारण जस्त ९०७ अंशांना उकळतं. लोखंड वितळायच्या कितीतरी आधी ते वाफ होऊन निघतं, वर हवा भेटली की ऑक्साइड होऊन पांढरं पडतं. धूळ गाळणाऱ्या पिशव्यांत ते साठतं. परदेशात अशा धुळीतून जस्त पुन्हा काढतात. या पळपुट्या धातूला पकडायची युक्ती उदयपूरजवळच्या झावरच्या कारागिरांना मध्ययुगातच साधली होती. वांग्याच्या आकाराची मूस उलटी ठेवायची, वरून आच द्यायची आणि वाफ खालच्या थंड नळीत उतरवून हवा लागायच्या आत गोठवायची. संस्कृत रसग्रंथांत या मुशीचं नावही ‘वृंताक मूषा’ असंच आहे.

शिसं तिसऱ्या दाराने जातं. ते लोखंडात जवळजवळ विरघळत नाही आणि लोखंडापेक्षा खूप जड, म्हणून तळाशी बसतं आणि अस्तरातल्या बारीक फटी शोधत खाली झिरपतं. खाली तांब्याची, आतून पाणी वाहणारी कॉइल असते. अनुभवी भट्टीवाला भंगारात बॅटरीचा तुकडा दिसला की का ओरडतो ते यावरून कळावं.

आणि तांबं जातच नाही. पंख्याची, मोटारीची गुंडाळी भंगारात तशीच राहिली की ते तांबं पोलादात कायमचं मुक्कामाला येतं. लोखंडाच्या उजवीकडचं, ऑक्सिजनला विटलेलं. कितीही हवा फुंका, आधी लोखंड जळेल. उकळून घालवावं तर उत्कलनांक २५०० अंशांच्या वर. उपद्रव मात्र रोलिंगच्या वेळी दिसतो. तापलेल्या कांबीच्या पृष्ठभागावरचं लोखंड पापुद्र्यांत निघून जातं, तांबं मागे साचतं, १०८५ अंशांना वितळून सांध्यांत शिरतं आणि पृष्ठभागावर बारीक भेगा उमटतात. कारखान्यात परवडेल असा यावर उपाय अजून नाही. उपाय आहे तो यार्डात, उकिडवं बसून हातोडा-छिन्नीने मोटार फोडून तांब्याची तार ओढून काढणाऱ्या माणसाकडे. या सगळ्या पट्ट्यात सर्वांत काटेकोर रसायन बहुधा तोच करतो, आणि त्याला मजुरी किलोवर मिळते.

डाव्या-उजव्याचा हा नियम कधी कधी जीवघेणा होतो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात गेलेलं एक जुनं यंत्र फोडलं गेलं. आत किरणोत्सारी कोबाल्ट-६० होता. एक कामगार दगावला, काही जण गंभीर आजारी झाले. असा कोबाल्ट भट्टीत गेला तर कुठे जाईल? लोखंडाच्या लगेच उजवीकडचा तो, पोलादातच राहणार. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० आढळला. ते पोलाद भारतातून गेलं होतं. याउलट मे १९९८ मध्ये स्पेनमधल्या एका पोलाद कारखान्यात चुकून सीझियम-१३७ वितळलं. सीझियम सारणीच्या डाव्या काठावरचं, ६७१ अंशांना उकळणारं. पोलाद स्वच्छ राहिलं आणि सीझियम धुरातून निघालं. त्याची खूण फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटलीपर्यंतच्या हवेत उमटली. दोन अपघात, दोन वेगळी दारं, आणि दोन्ही दारं शाळेतल्या तक्त्यावर आधीच दाखवलेली.

फॉस्फरसने तर सगळ्यांना छळलं आहे. मराठी शेतकरी त्याला स्फुरद म्हणतो. नत्र, स्फुरद, पालाश यातला मधला. धानाच्या शेतात त्यासाठी पैसे मोजायचे आणि सळईत तो नको म्हणून पैसे मोजायचे, असा त्याचा दुहेरी तोरा. पोलादात तो वाढला की सळई ठिसूळ होते. हवेने तो जळतो खरा, पण त्याचं ऑक्साइड आम्लधर्मी. त्याला धरून ठेवायला अल्कधर्मी जोडीदार लागतो, म्हणजे चुना, डाव्या काठाच्या कॅल्शियमचं ऑक्साइड. रायपूरच्या बहुतेक इंडक्शन भट्ट्यांचं अस्तर गारगोटीच्या पुडीचं, म्हणजे सिलिकाचं. तेही आम्लधर्मी. चुना टाकावा तर तो फॉस्फरसआधी अस्तरालाच खातो. म्हणून खनिजातून आलेला फॉस्फरस जवळपास तसाच सळईत उतरतो. मोठ्या कारखान्यांनी लॅडलमध्ये, म्हणजे भट्टीतलं पोलाद ओतून घ्यायच्या मोठ्या पात्रात, वेगळं शुद्धीकरण सुरू केलं आहे. लहान भट्टीला माल निवडून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

हे कोडं पहिल्यांदा सुटलं ते लंडनच्या पोलीस कोर्टातल्या एका कारकुनाकडून. सिडनी गिलख्रिस्ट थॉमस दिवसा कोर्टात लिहायचा, संध्याकाळी रसायन शिकायचा. वेल्समधल्या रसायनज्ञ चुलतभावाच्या, पर्सी गिलख्रिस्टच्या मदतीने त्याने भट्टीचं अस्तरच अल्कधर्मी केलं, चुना घातला आणि १८७८ मध्ये फॉस्फरस मळीत गेल्याचं जाहीर केलं. मग ती मळी दळून जर्मनीतल्या शेतांत खत म्हणून पडू लागली. पोलादातला नकोसा फॉस्फरस गव्हात गेला.

भट्टीतून माल ओतण्याआधी पळीने थोडं पोलाद काढून साच्यात ओततात. थंड झालेला तो बिस्किटाएवढा तुकडा घासून ‘स्पेक्ट्रो’वर ठेवला जातो. यंत्र आरगॉन वायूच्या आवरणात त्यावर ठिणग्या पाडतं, ठिणगीचा उजेड फोडून रंगांच्या रेषा मोजतं आणि मिनिटाभरात पडद्यावर आकडे येतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या, अंगठ्याच्या ठशासारख्या.

उजेडावरून मूलद्रव्य ओळखायच्या या विद्येचं कोकणाशी एक नातं सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ च्या सूर्यग्रहणात विजयदुर्गावरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरला हेलियम सापडला, अशी ती गोष्ट. ती मोडावी लागते. त्या ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट भारतात, गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेनने पाहिला. लॉकियर इंग्लंडमध्येच होता आणि त्याने हेलियमची पिवळी रेषा तिथून त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये टिपली. विजयदुर्गला तो आला तो ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, आणि तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमझेला पृथ्वीवरच हेलियम मिळून गेला होता. गोष्ट थोडी लहान झाली, पण खोटीही उरली नाही.

स्पेक्ट्रोच्या चिठ्ठीवर रकाने असतात: कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस आणि खाली क्रोमियम, निकेल, तांबं. भट्टीवाला वरचे आकडे पाहून साठ-चौदाचे चार घमेले टाकायला सांगतो, कार्बन चढा असेल तर थोडं स्पंज. तांब्याच्या आकड्यापुढे करण्यासारखं काही नसतं. फार तर पुढच्या खेपेला चांगला माल घालून तो पातळ करायचा. मग लॅडल भरतो, पोलादाचे लांब ठोकळे म्हणजे बिलेट पडतात, बिलेटची कांब होते आणि कांबीची सळई. ती कुठल्यातरी घराच्या स्लॅबमध्ये जाईल. चाळीस-पन्नास वर्षांनी स्लॅब फुटेल, सळई वाकवून ट्रकात भरली जाईल आणि कदाचित याच रस्त्याने परत येईल. तेव्हाही त्यातलं तांबं तिथेच असेल, आणि त्या दिवशीच्या ढिगातली एखादी पंख्याची गुंडाळी त्यात आणखी थोडी भर घालेल.